नवमीची पाहणी

बाबांच्या सदऱ्यावरचा लाल डाग मायने आधी नुसत्या पाण्याने, मग साबणाने आणि शेवटी घासलेट लावून धुऊन पाहिला. पाण्याने तो हलला नाही, साबणाने हलला नाही, घासलेटाने थोडा पसरला. माय सदरा दोन्ही हातांनी ताणून उन्हात धरून उभी राहिली आणि मला म्हणाली, "कुंकू पान्यानं जाते. हे तेलातलं आहे, सुजे. शेंदूर आहे हा." मग तिने सदरा दोरीवर टाकला नाही, घरात नेऊन खुंटीवर टाकला. डाग भिंतीच्या बाजूला वळवून.

आमच्या घरात शेंदूर यावा असं काही कारण नव्हतं. आसेगावच्या आमच्या वस्तीने धम्म घेतला तेव्हा घराघरातले देव गोणीत भरून अडाण नदीच्या डोहात सोडले होते, आणि ही गोणी खांद्यावर नेणारे दौलतबाबा अजून धडधाकट होते. माझे बाबा शाळेत गुरुजी. विहारात रविवारची वंदना तेच म्हणायला लावत. त्रिशरण, पंचशील, बावीस प्रतिज्ञा सगळं त्यांना पाठ. कोणाच्या घरात चुकून एखादी जुनी तसबीर राहिली असेल तर बाबा स्वतः जाऊन, चहा पिऊन, गोड बोलून ती उतरवत. असा माणूस दसऱ्याला घराबाहेर जातो आणि सदऱ्याला शेंदूर लावून येतो, ही गोष्ट मायच्या पोटात मावेना.

आणि डाग काही एकटाच नव्हता. दरवर्षी नवमीच्या सुमारास घरातल्या बरणीतली चिंच कमी व्हायची. दुष्काळात रेशनवरच्या मिलोच्या लाल भाकरी खाऊन काढलेली वर्षं नुकतीच मागे पडली होती, घरात मोजकं असायचं आणि काय किती आहे हे मायच्या हाताला न बघता कळायचं. चिंच बाबा खात नसत, त्यांना आंबट सोसत नसे. मग चिंच जाते कुठे? पितळ घासायला. पितळेचं काय घासतात? देव. शिवाय संध्याकाळी अभ्यास घेता घेता बाबा बाजेच्या लाकडावर बोटांनी एक ठेका धरायचे. हळू सुरू होई, मग जलद, मग पुन्हा हळू. चुलीपुढे आंबाडीची भाजी घोटता घोटता माय थांबायची, ऐकायची, आणि हळूच म्हणायची, "भजनाचा आहे." मला तो भजनाचा वाटत नसे. पण मी आयुष्यात भजन असं कितीदा ऐकलं होतं?

खरं सांगायचं तर बाबांनी काही लपवलं नव्हतं. पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी जेवता जेवता सरळ सांगितलं होतं.

"मूर्तिजापूरले जातो. लहान गाडीचं इंजिन पाहाले."

"कोनाचं?" माय म्हणाली.

"कोनाचं म्हंजे? रेल्वेचं. नवमीले शेडात इंजिन सजवतात."

"मंग तुमी काय कराल तथी?"

"पाहीन."

"न् मंग?"

"मंग काय? पाहीन."

आमच्याकडे माणूस लग्नाला जाई, मयतीला जाई, बाजाराला, कोर्टाला, दवाखान्यात जाई. नुसतं पाहायला, आणि तेही इंजिन पाहायला, जाणारा माणूस मायने बघितलेला नव्हता. तिने भाकर वाढली आणि एवढंच म्हणाली, "नसन सांगाचं तं नका सांगू." पुढच्या वर्षी बाबांनी सांगितलं, नागपूरला जातो, दसऱ्याला दीक्षाभूमीवर. हे मात्र सगळ्यांना लगेच पटलं. मायने तिखट पुऱ्या करून दिल्या, शेजारच्या बायांनी मेणबत्त्या दिल्या. आता या वयापर्यंत मी पुष्कळ ठिकाणी काम केलं, पुष्कळ माणसं बघितली, आणि माझा अनुभव असा की खरं कारण बिनकामाचं असेल तर लोक त्यावर विश्वास ठेवत नाहीत. त्यांना वजनदार खोटं द्यावं लागतं.

पण नागपूरला वस्तीतले इतरही जात. डागाच्या वर्षी परत आलेल्यांपैकी कोणी सहज म्हणालं की गुरुजी काही दिसले नाहीत. तिथल्या गर्दीत सख्खा भाऊ दिसत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, तरी बोलणं बोलण्याला लागलं. कोणी म्हणालं, गुरुजी मूर्तिजापूरलाच उतरले, आम्ही डोळ्यांनी पाहिलं. वर्षभर हे वस्तीत फिरत राहिलं, आणि पुढची नवमी जवळ आली तेव्हा दौलतबाबा एका दुपारी बाबा शाळेत असताना आमच्या ओट्यावर येऊन बसले. हातातली काठी आडवी मांडीवर ठेवली. पाणी प्यायले नाहीत.

"सूनबाई, इंजिनाची पूजा असते नवमीले. नारळ, गुलाल, सारं असते. मले मालूम आहे."

"मले काय विचारता? त्यायले विचारा."

"त्याले विचारलं तं तो बोलन. बोलाचंच खाते तो. मी तुले सांगून राह्यलो. गुरुजी तथी नारळ फोडत असन, तं इकडे विहारात त्याच्या तोंडून वंदना होनार नाही. मेनबत्तीही त्याच्या हातून लागनार नाही. मंग तो गुरुजी असो का कलेक्टर."

ते गेल्यावर माय चुलीपाशी बसून राहिली. वंदना सांगणं बाबांकडून काढून घेतलं असतं तर बाबा शाळेत तोंड दाखवू शकले नसते, हे तिला कळत होतं. शाळेत निम्मी पोरं वस्तीचीच होती. मी तांदूळ निवडत होते. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई असती तं मी तथी जाऊन झिंज्या उपटल्या असत्या तिच्या. देव असला तं कोनाच्या उपटू?" मग थोड्या वेळाने, "तू जा संग. मी म्हनतो पोरीले नागपूर दाखवा. डोये उघडे ठेव. काय करते, कोनाशी बोलते, काय खाते, सारं येऊन सांग."

बाबांनी मला नेण्याला हरकत घेतली नाही. याचाच मला संशय आला.

मंगरूळपर्यंत एस.टी., तिथून दुसरी एस.टी. कारंज्याला, आणि कारंज्याहून लहान गाडी. वाशिमला आजोळी जाताना मी मोठी गाडी पाहिली होती. तिच्यापुढे ही गाडी पोरांनी मांडल्यासारखी. डबे लाकडी, बाकं अरुंद, आणि चालणं इतकं सावकाश की बोरीच्या झुडपाशी उतरून बोरं तोडून परत चढता यावं. एस.टी.त बाबा नेहमीचे बाबा होते, टोपी सरळ, पिशवी मांडीवर. कारंज्याच्या स्टेशनवर पाय ठेवल्याबरोबर त्यांचं चालणं बदललं. रूळ बदलणाऱ्या काटेवाल्याने लांबूनच हात वर केला, "या गुरुजी, औंदाही?" मी ते मनात टिपून ठेवलं. चहावाल्याने न सांगता त्यांना बिनसाखरेचा चहा दिला. तेही टिपलं. गाडी चढणीला लागली, पुढे इंजिन धापा टाकू लागलं, हळू, मग जलद, मग पुन्हा हळू, आणि बाबांची बोटं बाकाच्या कडेवर त्याच्या बरोबरीने चालू लागली. मायचं भजन हेच. ते कळल्यावर मी निश्चिंत व्हायला हवं होतं. पण मी पाळत ठेवायला निघालेली पोर होते, आणि पाळत ठेवणाऱ्याला एक गोष्ट साधी निघाली की दुसरीचा वहीम जास्त येतो.

मूर्तिजापूरला आम्ही करीमचाचांच्या क्वार्टरमध्ये उतरलो. करीमचाचा लहान गाडीचे ड्रायव्हर. अंगाने किडकिडीत, भुवया कोळशाने कायमच्या काळ्या झालेल्या. त्यांच्या बायकोकडे, म्हणजे चाचीकडे, मी मायच्या वतीने नीट बघून घेतलं. चांगली भरदार बाई, तोंडात पान, आणि बाबांना बघताच तिने सुरुवात केली, "आ गए? अब दो दिन दोनों को न खाने की सुध, न नहाने की. मास्टर, इस बार बिटिया को भी बिगाडने लाए?" बाबा ओशाळून हसले. या बाईचा वहीम मी तिथल्या तिथे पुसून टाकला.

दुपारी शेडात गेलो. शेड म्हणजे उंच पत्र्याचं छप्पर, खाली रूळ, आणि रुळावर थंड पडलेलं इंजिन. सगळीकडे कोळशाचा, तेलाचा आणि ओल्या राखेचा वास. बाबांनी टोपी काढली, सदरा मात्र काढला नाही, आणि पिशवीतून चिंचेचा गोळा बाहेर काढला. मी बघत होते. इंजिनाच्या पाठीवर घंटेसारखा एक पितळी घुमट होता. बाबा शिडी लावून वर चढले आणि माझी माय घागर घासते तसे ते तो घुमट घासू लागले, चिंच आणि राख, चिंच आणि राख, घाम पुसायला न थांबता. करीमचाचा खालून सांगत, "उधर काला रह गया मास्टर, उधर." घरी बाबांनी एक वाटी कधी विसळलेली मला आठवत नाही. मग दोघांनी घासलेटात भिजवलेल्या चिंध्यांनी चाकं पुसली, आणि शेवटी इंजिनाच्या तोंडाखालच्या आडव्या पट्टीला लाल रंग दिला. तेलातला रंग. ब्रश उचलताना तो बाबांच्या सदऱ्यावर उडाला, मागच्या वर्षीच्या डागाच्या अगदी शेजारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा होती. शेडातली माणसं नवे कपडे घालून बायकापोरांसह आली. इंजिनाला झेंडूच्या माळा, दोन बाजूंना केळीचे खुंट, काळ्या तोंडावर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं. मी बाबांवरून नजर हटवली नाही. पूजेची घंटा वाजू लागली तसे बाबा आणि करीमचाचा दोघेही काही न बोलता कोळशाच्या ढिगाच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. त्यांना कोणी बोलावलं नाही, कोणी अडवलंही नाही. दरवर्षीची जागा असावी असे उभे होते. करीमचाचांनी बिडी पेटवली. बाबा मान उंच करून बघत होते आणि मी जवळ गेले तेव्हा म्हणत होते, "हार बरोबर नंबरावर आणला त्यायनं. नंबरच दिसून नाही राह्यला." पूजेबद्दल ते बोलले ते एवढंच.

मी मात्र ढिगाच्या अलीकडे, बायकांच्या बाजूला राहिले होते, तिथून दोन्हीकडचं दिसत होतं म्हणून. एक म्हातारी बाई ताट घेऊन फिरत होती. तिने माझी हनुवटी धरली, कपाळावर कुंकू टेकवलं, हातात खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि पुढे गेली. नको म्हणायचं कसं असतं हे मला कोणी शिकवलं नव्हतं. आमच्या वस्तीत ती वेळच येत नसे. मी फ्रॉकच्या बाहीने कपाळ खसाखसा पुसलं. खोबरं ताजं होतं, ते खाल्लं.

पूजा आटोपली आणि करीमचाचा इंजिनावर चढले. आता पोरांना बसवून यार्डाच्या टोकापर्यंत नेऊन आणायचं होतं, ही तिथली रीत. वाफ धरली होती, इंजिन आतून गुरगुरत होतं. सगळे चढायच्या गडबडीत असताना बाबा एकटे पलीकडच्या बाजूला गेले. मी वाकून चाकांमधून पाहिलं. त्यांनी दोन्ही तळवे इंजिनाच्या काळ्या अंगावर टेकवले आणि डोळे मिटून तसेच उभे राहिले. ओठ हलत नव्हते, मान झुकलेली नव्हती, पण डोळे मिटलेले होते. मग शिट्टी झाली, इतकी जोराची की माझ्या छातीत बसली, आणि बाबांनी मला काखेत धरून वर चढवलं. वरून शेड, क्वार्टरं, केळीचे खुंट सगळं मागे सरकायला लागलं, भट्टीच्या आचेने तोंड भाजत होतं, आणि बाबा हसत होते. दात दिसतील असे. तोवर त्यांचे पुढचे दात एकमेकांवर चढलेले आहेत हे मला माहीत नव्हतं.

घरी आल्यावर मायने आधी आमचे कपडे भिजवले, मग विचारपूस केली. बाबांचा डाग पाण्याला दाद देईना. माझ्या बाहीचा लाल रंग मात्र पाण्यात घातल्याबरोबर सुटला आणि बादली गुलाबी झाली. मायने माझ्याकडे पाहिलं.

"बाप कोरा आला न् तू भरून आली?"

मी सगळं सांगितलं. कोळशाचा ढीग, चिंच, लाल रंग, चाचीचं पान. तळव्यांचंही सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुले त्यायनं काही खाऊ घातलं का वाटेत?" म्हणजे मीही फितूर. मग तिने माझ्या तोंडाकडे पुन्हा एकदा निरखून पाहिलं, भिजवलेला फ्रॉक पिळला आणि बाबांचा सदरा पहिल्यांदाच अंगणातल्या दोरीवर वाळत घातला, डाग रस्त्याच्या बाजूला करून.

आश्विन पौर्णिमेला विहारात खीर होती. वंदनेआधी दौलतबाबा उठले आणि म्हणाले, आधी एक गोष्ट निकाली काढू. बाया एका बाजूला, माणसं एका बाजूला, मध्ये मी उभी. मला बाबांकडे बघू नको असं सांगितलं होतं.

"नारळ फोडला गुरुजीनं?"

"नाही."

"टिळा?"

"नाही. टिळा मले लागला. मी पुसला."

बायांमध्ये कोणी तरी हसलं. दौलतबाबांनी काठी आपटली.

"हात जोडले?"

"नाही जोडले."

"मंग केलं काय त्यानं दोन दिवस?"

"घासलं. पुसलं. रंग देला. मंग पाह्यलं."

"नुसतं पाह्यलं?"

"हाव."

नारळ फोडला असता तर लोकांना ते समजलं असतं. त्यावर बोलता आलं असतं, दंड करता आला असता. हे काय करायचं कोणालाच कळेना. तळव्यांचं कोणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. माय पलीकडे बसलेली होती. तिनेही सांगितलं नाही. ती फक्त म्हणाली, "डागाचं मी पाह्यलं. रंगच आहे. कोनाले पाहाचा असन तं दोरीवर आहे."

दौलतबाबा बाबांकडे वळले. "मंग नागपूरचं कायले सांगतलं? विहारात उभं राहून खोटं बोलू नका म्हनतं, न् घरी खोटं बोलतं?"

बाबा उठून उभे राहिले. "चुकलं माहं," ते म्हणाले. "पन आधी खरंच सांगतलं होतं. कोनी मानलं नाही. आता सांगतो, इंजिन पाहाले जातो, तं आताही मानत नाही तुमी. मी काय करू?"

दौलतबाबांसारख्या माणसाला गप्प बसवणं सोपं नव्हतं. "ठीक आहे. वंदना सांग तू. पन पुढच्या साली नागपूरले जानारे एक दिवस आधी निंघतीन. मूर्तिजापूरले उतरतीन. आमी सोता पाहू."

पुढच्या नवमीला वस्तीतले पाच-सहा जण बाबांबरोबर निघाले, माय त्यात पुढे. भाकरी, जवसाची चटणी, सगळं घेऊन. शेडात ही मंडळी कोळशाच्या ढिगाजवळ ओळीने उभी राहिली आणि बाबांकडे डोळे रोखून बघू लागली. बाबांनी घुमट घासला. मायला ते बघवेना. "राख कमी घ्या, वर ओरखडे येऊन राह्यले," असं दोनदा सांगून तिसऱ्यांदा ती स्वतः शिडीवर चढली. पूजा झाली तेव्हा सगळे ढिगाच्या पलीकडे गेले, करीमचाचांची बिडी हातोहात फिरली. नंतर करीमचाचा दौलतबाबांना म्हणाले, "बाबा, उपर आकर देख लो, अंदर क्या है." वर गेल्याशिवाय पाहणी पुरी होणार नव्हती. दौलतबाबा वर गेले. टोकापर्यंत जाऊन आले आणि उतरेनात. म्हणाले, एकदा नीट दिसलं नाही.

पौर्णिमेला विहारात त्यांनी उभं राहून सांगितलं की गुरुजीने यंदा काही केलं नाही, पण एका वर्षावरून ठरवता येत नाही. तेव्हापासून दरवर्षी पाहणी होऊ लागली. पाहणीला माणसं वाढली, पोरं वाढली. कोणी नवी सून आली की तिलाही पाहणीला नेत. दरवर्षी पौर्णिमेला तोच निकाल आणि तोच शेरा. बाबा वंदना सांगत राहिले. त्या तळव्यांचं मी त्यांना पुढे एकदा विचारलं. म्हणाले, "पानी उकळलं का ते पाहत होतो." असेल. डोळे मिटून कशाला पाहायचं, हे मी विचारलं नाही. आजही मी ते पुरतं मानलेलं नाही.

मग पुष्कळ वर्षांनी लहान गाडीला डिझेलचं इंजिन लागलं. करीमचाचा त्याआधीच रिटायर होऊन मुलाकडे गेले होते. बाबाही शाळेतून निवृत्त. मी वाशिमला नोकरीला होते, सुटीत घरी आलेली. नवमीच्या आदल्या दिवशी सकाळी बाबा बाजेवर पेपर वाचत बसले होते, बोटं स्वस्थ. ओट्यावर काठी वाजली. दौलतबाबा आता कमरेतून पार वाकले होते, पण टोपी धुतलेली आणि खांद्याला पिशवी.

"काहून गुरुजी, निंघाचं नाही?"

"आता काय आहे तथी, बाबा? डिझेल आहे. ना धूर, ना वाफ."

"ते मले मालूम आहे." दौलतबाबा खाली बसले नाहीत. "पन सजवत तं असतीनच त्याले. तुही सवय. उद्या कोन म्हनन, गुरुजी लपून जाऊन आला. पाहून आलेलं बरं."

बाबांनी पेपरची घडी घातली. ती घालायला त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. मग उठून सदरा शोधू लागले. माय आतून सगळं ऐकत होती. तिने भाकरी बांधल्या, सवयीने बरणीतून चिंचेचा गोळा काढला, जरा थांबली, "पितळ नसनच ना आता त्याले?" असं मला विचारून तो परत बरणीत टाकला. मग गाठोडं माझ्या हातात दिलं.

"तूही जा संग," ती म्हणाली. "दोघायवर नजर ठेव."